पँथरचा बिबळ्या करणाऱ्यांनो

यंदाच्या चौदा एप्रिलला आमच्या वस्तीच्या नाक्यावर पोरांनी फ्लेक्स लावला. मधोमध बाबासाहेब, एका बाजूला बुद्ध, दुसऱ्या बाजूला फुले आणि सावित्रीबाई. आणि खाली, जिथं दरसाल नगरसेवकाचं थोबाड असतं तिथं, छातीवर दोन्ही हातांची फुली करून उभा असलेला वाकांडाचा राजा टी-चाला. काळा सूट, चांदीची नखं. बाजूला अक्षरं : 'पँथर परत आलाय'.

नगरसेवकाचं थोबाड गेलं याचा मला आनंद झाला, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पोरं म्हणतील, म्हातारा उगाच कावतोय. पण हा कुठला पँथर परत आला? हा गेला कुठं होता? आणि मुळात हा आपल्याकडं आला होता कधी? दोन तास पोरांशी भांडलो. शेवटी पोरं कंटाळून म्हणाली, 'काका, लिहून काढा ना.' म्हणून लिहितोय. भांडण घरातलं आहे. बाहेरच्यांनी टाळ्या वाजवू नयेत.

आमचे काही पोथीनिष्ठ दोस्त आहेत. सुपरहिरो म्हटलं की 'साम्राज्यवादाची अफू' एवढं बोलून ते चहा मागवतात. त्यांनी जन्मात एक अंक उघडलेला नसतो. मी उघडलेत. शेकड्यांनी उघडलेत, आणि आजही सिनेमा लागला की पहिल्या आठवड्यात तिकीट काढतो. तेव्हा मी जे बोलणार आहे ते व्यसनी माणसाचं बोलणं आहे.

व्यसन लागलं रद्दीवाल्याच्या दुकानात. बाकड्यावर बसून वाचायचे दहा पैसे. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स काढली, मराठीतही काढली, आणि ली फॉकचा १९३६ सालचा अमेरिकन फँटम आमच्याकडं 'वेताळ' होऊन आला. काय दिवस होते! कवटीची अंगठी, कवटीची गुहा, पांढरा घोडा, आणि ज्याच्या जबड्यावर ठोसा बसला त्याच्या कातड्यावर जन्मभर कवटीचा शिक्का. आम्ही चाळीच्या मागं वेताळ-वेताळ खेळायचो. खेळात मी कायम बांदर टोळीतला. कारण मी सगळ्यांत काळा आणि सगळ्यांत बुटका. वेताळ व्हायचा तो दुकानदाराचा गोरा पोरगा. मला त्यात काही वावगंसुद्धा वाटलं नाही, यातच सगळं आलं.

पुढं डोकं फुटलं तेव्हा तेच अंक परत काढून बघितले. जंगल काळ्यांचं, ढोल काळ्यांचे, घाम काळ्यांचा, आणि न्यायनिवाडा मात्र गोऱ्याचा. बरं, हा वेताळ एकविसावा. बापामागं पोरगा, पोरामागं नातू, चारशे वर्षं. अरे, ही तर पाटीलकी! वतन! जंगलातल्या लोकांना वाटतं वेताळ अमर आहे. तो अमर नाही हे पक्कं ठाऊक असतं ते बांदर टोळीच्या गुरानला. आणि तो गप्प राहतो. देव दगडाचा आहे हे गुरवाला सगळ्यांआधी कळतं, पण नैवेद्य त्याच्याच घरी जातो ना! गुरानला तर नैवेद्यही नाही. फुकटचा गुरव.

हे जुनं झालं. आता पँथरकडं येतो.

पोरं म्हणतात, मार्व्हल कंपनीनं नाव चोरलं. खोटं आहे. खोट्यानं भांडण जिंकायचं नाही. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचा ब्लॅक पँथर 'फँटॅस्टिक फोर'च्या ५२ व्या अंकात आला, अंकावर तारीख जुलै १९६६. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी काढली ऑक्टोबर १९६६ ला. म्हणजे कॉमिक आधी. पण त्याच्याही आधी एक पँथर आहे, आणि तो खरा. अलाबामा राज्यात लाउंड्स नावाचा परगणा. दहांतले आठ लोक काळे, आणि १९६५ साल उजाडलं तेव्हा मतदारयादीत एकही काळं नाव नाही. तिथल्या शेतमजुरांनी स्वतःचा पक्ष काढला. अक्षरओळख नसलेल्या मतदारासाठी पक्षाला चित्र लागतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तिथल्या गोऱ्या डेमोक्रॅटांची निशाणी होती पांढरा कोंबडा. लाउंड्सच्या माणसांनी निशाणी घेतली काळा पँथर. कोंबडा आणि पँथर एका खुराड्यात घाला आणि काय होतं ते बघा! ओकलंडच्या पोरांनी तिथून हे जनावर उचललं.

आता ऐका १९७२ सालची गोष्ट. माझं सगळं भांडण या एका सालात आहे.

'फँटॅस्टिक फोर'चा ११९ वा अंक, फेब्रुवारी १९७२. टी-चाला रुडयार्डा नावाच्या एका काल्पनिक देशात तुरुंगात पडलाय. देश आफ्रिकेतला, राज्य गोऱ्यांचं, गोऱ्यांचं दार वेगळं आणि काळ्यांचं दार वेगळं. त्याला सोडवायला दोन गोरे मित्र येतात. (त्यांतला एक दगडाचा आहे, तरी तो गोऱ्यांत धरावा.) इथवर ठीक. इथवर मी टाळ्या वाजवतो. पण त्याच अंकात हा राजा सांगतो की आता मला ब्लॅक पँथर म्हणू नका, ब्लॅक लेपर्ड म्हणा. का? तर अमेरिकेत त्या नावाचा एक राजकीय पक्ष आहे आणि मी त्यांच्या बाजूचा की विरुद्ध असा घोळ व्हायला नको. मी म्हणजे मीच, माझा कायदा मीच.

वाचलंत? वर्णद्वेषाच्या तुरुंगातून बाहेर पडता पडता हा गडी पँथरचा बिबळ्या होतो! भिंत पाडायला तयार, नाव लावायला तयार नाही. तेव्हा शिकागोच्या फ्रेड हॅम्प्टनला जाऊन सव्वादोन वर्षं झाली होती. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी त्याला बिछान्यात गोळ्या घातल्या. वय २१. त्याच्या घराचा नकाशा पोलिसांपर्यंत पोचवला होता एफबीआयच्या खबऱ्यानं. एफबीआयचा म्होरक्या हूव्हर याला देशाच्या अंतर्गत सुरक्षेला सगळ्यांत मोठा धोका वाटत होता तो पँथरांचा. ते गरिबांच्या लेकरांना सकाळी फुकट नाष्टा घालायचे, त्याचाही. अशा वेळी ते नाव लावणं म्हणजे काय होतं ते कंपनीच्या बाबूंना नीट कळत होतं. पुढं काही महिन्यांत पँथर हे नाव परत आलं, हेही खरं. पण भीती छापून झाली होती.

आणि त्याच १९७२ सालात आपल्याकडं काय चाललं होतं? बावड्याला बहिष्कार पडला होता. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात आपल्या बायांची विटंबना झाली होती. आणि मुंबईत कवी, कारकून, टॅक्सीवाले, वसतिगृहातली पोरं असल्या लोकांनी हेच नाव आपल्या अंगावर घेतलं. दलित पँथर. कंपनीनं जे नाव भिऊन खाली ठेवलं ते आपल्या पोरांनी सात समुद्रांपलीकडून उचललं. कातडं वाचवणारा सूट नव्हता कुणाकडं. व्हायब्रेनियमचा तर नव्हताच, रेनकोटसुद्धा नव्हता. वरळीच्या दंगलीनंतरच्या मोर्चात, १० जानेवारी १९७४ ला, भागवत जाधवच्या डोक्यात इमारतीवरून दगड आला आणि पँथर मेला. परत उठून बसला नाही. पुढच्या अंकात आला नाही.

म्हणून म्हणतो पोरांनो, 'परत आलाय' लिहिताना जरा थांबा.

आता कॉमिकवाल्यांची दुसरी बाजू. तिथंही काही माणसं इमानदार होती. १९७३ ला डॉन मॅकग्रेगर नावाच्या गोऱ्या पोराच्या हातात टी-चाला आला. मासिकाचं नाव 'जंगल ॲक्शन'. वा! काळ्या राजाला जागा दिली ती जंगलात. त्याच मासिकात त्याआधी वेताळाच्या बिरादरीतल्या गोऱ्या जंगलवीरांच्या जुन्या गोष्टी छापल्या जायच्या. मॅकग्रेगरनं काय केलं? वाकांडाच्या गोष्टीत जवळपास सगळी माणसं काळी ठेवली. राजा काळा, बंडखोर काळा, न्हावी-सुतार सगळे काळे. किलमाँगर इथलाच, सप्टेंबर १९७३ चा. पुढं चित्रं काढली बिली ग्रॅहमनं, तो स्वतः काळा. मॅकग्रेगर नंतर सांगत आला की ऑफिसातले लोक विचारायचे, गोरी पात्रं कुठायत? तेव्हा या बहाद्दरानं गोरी पात्रं आणली. कोण आणली? कु क्लक्स क्लान! टी-चालाला अमेरिकेत जॉर्जियाला नेला आणि पांढऱ्या बुरख्यांसमोर उभा केला. जळत्या क्रुसावर बांधलेला पँथर मुखपृष्ठावर छापला. वाचताना माझ्या हाताला घाम सुटला होता. आपल्याकडं हे कुठल्या दिवाळी अंकानं छापलं असतं?

आणि मग? १९७६ ला २४ व्या अंकावर मासिक बंद. खप नाही. क्लानची गोष्ट अर्ध्यात तोडली, खून कुणी केला ते कळायच्या आधी. जानेवारी १९७७ ला नवा अंक निघाला, लिहिणारा-काढणारा खुद्द कर्बी, पँथरचा एक बाप. त्यात पँथर काय करतो? राजा सॉलोमनचा पितळी बेडूक शोधतो. थट्टा नाही करत, खरंच बेडूक आहे. क्लानवरून बेडकावर! कर्बीला मी दोष देत नाही. तो स्वतः न्यूयॉर्कच्या गरीब ज्यू वस्तीतला, आणि कंपनीनं त्याला पुरेपूर पिळला. सुपरमॅन काढणाऱ्या सीगल आणि शुस्टर या पोरांनी १९३८ ला १३० डॉलरला आपला पोरगा विकला, तशीच ही जात. त्या पहिल्या वर्षातला सुपरमॅन कधी वाचलाय? खाणमालकाला आणि त्याच्या पाहुण्यांना खाणीत अडकवतो, मजुराचा जीव कसा जातो ते कळावं म्हणून. असला होता तो! दोन-चार वर्षांत त्याचा सरकारी नोकर झाला.

आणखी एकाचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाववत नाही. ल्यूक केज, जून १९७२. परत तेच साल. खोट्या गुन्ह्यात आत गेलेला काळा माणूस. तुरुंगात त्याच्यावर औषधाचा प्रयोग करतात आणि त्याचं कातडं पोलादी होतं. बाहेर येऊन तो जगाला वाचवत बसत नाही, कामाचे पैसे मागतो. नवव्या अंकात डॉक्टर डूम नावाचा एक राजा त्याचे दोनशे डॉलर बुडवतो. हा दुसऱ्यांचं रॉकेट मागून घेतो, समुद्र ओलांडून डूमच्या किल्ल्यात घुसतो आणि मजुरी वसूल करतो. दोनशे डॉलर! माझ्या मते सबंध कॉमिकच्या इतिहासात यापेक्षा मोठा सुपरहिरो झालेला नाही. फ्लेक्सवर लावायचा तर हा लावा ना!

आता सिनेमा. फेब्रुवारी २०१८. वीस कोटी डॉलरचा खर्च, एकशे तीस कोटींच्या वर गल्ला, तीन ऑस्कर. मी तीनदा बघितला. पहिल्यांदा रडलो. वाकांडाचं विमान ढगाखाली उतरतं आणि खाली कुणाचाही गुलाम कधीही न झालेला काळा देश दिसतो, तेव्हा जो रडला नाही तो आपला नव्हे. कॉमिकमध्ये म्बाकूला 'मॅन-एप' म्हणायचे, माणूस-माकड; सिनेमानं ते नाव फेकून दिलं. बायांच्या हातात भाले आणि प्रयोगशाळा दिल्या. दिग्दर्शक रायन कूगलर ओकलंडचाच. २००९ च्या पहिल्या दिवशी ओकलंडला रेल्वे पोलिसानं ऑस्कर ग्रँटला मारला, त्यावर यानं २०१३ ला सिनेमा केला होता. पोरगा बेअक्कल नाही. म्हणूनच राग जास्त येतो.

सिनेमा सुरू होतो ओकलंडला, १९९२ साली. वाकांडाचा राजपुत्र तिथल्या गरिबांची दैना बघून म्हणतो, आपल्याकडची शस्त्रं यांना द्या. राजा स्वतःच्या सख्ख्या भावाला मारतो आणि भावाचं लेकरू तिथंच टाकून निघून जातो. ते लेकरू म्हणजे किलमाँगर. तो मोठा होऊन दारात उभा राहतो आणि एकच प्रश्न विचारतो : जगात आपली माणसं मरत होती तेव्हा तुम्ही कुठं होता?

या प्रश्नाला सिनेमाकडं उत्तर नाही. आणि आपल्याकडं तरी आहे का? आमच्यातही वाकांडा झालेत. क्लासवन होऊन, आडनाव बदलून, सोसायटीत फ्लॅट घेऊन, वरून शेत-कुरण दिसेल असा पडदा ओढून बसलेले. वस्तीतलं लेकरू दार वाजवायला गेलं की वॉचमन विचारतो, कोण पाहिजे? ते असो, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

उत्तर नाही म्हटल्यावर सिनेमा काय करतो? प्रश्न विचारणाऱ्याला खुनी करतो. तो स्वतःच्या मैत्रिणीला गोळी घालतो, म्हाताऱ्या पुजारिणीचा गळा धरतो, पवित्र बाग जाळतो. का? कथेला गरज नाही, कंपनीला आहे. हे केलं नाही तर अर्धं थिएटर त्याच्या बाजूनं उभं राहील! ही यांची जुनी करामत. खरं बोलायचं ते खलनायकाच्या तोंडून, मग त्याच्या हातून एक बाई मारायची, म्हणजे ते खरंही त्याच्याबरोबर मरतं. २०१२ च्या बॅटमनमध्ये शहरातले गरीब उठतात. पण उठवणारा बेन अणुबाँब घेऊन आलेला भामटा, आणि शेवटी शहर वाचवणार कोण? पोलिसांची फौज आणि एक अब्जाधीश. एक्स-मेनमधला मॅग्निटो पोरवयात नाझींच्या छावणीतून वाचलेला. 'परत असं होऊ देणार नाही' म्हणतो, तर तोही खलनायक.

आणि आता माझं मुख्य हाड. शेवटच्या लढाईत जगभरच्या पिचलेल्यांकडं निघालेली शस्त्रांची विमानं कोण पाडतं? रॉस. हा रॉस कोण? सीआयएचा माणूस! कॉमिकमध्ये तो परराष्ट्र खात्यातला एक धांदरट बाबू होता. सिनेमानं मुद्दाम त्याला सीआयएत घातला आणि वीर केला. आफ्रिकेत, काळ्या देशाच्या प्रयोगशाळेत बसून, सीआयएचा गोरा अधिकारी काळ्यांची शस्त्रं पाडतो आणि थिएटरात शिट्ट्या! याच सीआयएनं १९६० ला काँगोच्या लुमुंबाला विष घालायचा डाव रचला होता. ते काही विरोधकांनी उठवलेलं नाही, अमेरिकेच्या सिनेटच्या समितीनंच १९७५ ला बाहेर काढलं. मी पण पहिल्यांदा बघताना शिट्टी मारली होती. घरी येऊन पाणी पिताना लक्षात आलं की आपण कुणासाठी शिट्टी मारली.

शिवाय राजेशाही. हवेत चालणाऱ्या गाड्या आहेत, मरणारा माणूस एका रात्रीत बरा करतात, आणि राज्यकर्ता ठरवायचा कसा? धबधब्यावर कुस्ती करून! कुस्तीतही उतरायचं तर राजघराण्यातलं किंवा टोळीप्रमुखांतलं रक्त पाहिजे. सबंध वाकांडात मतपेटी नाही. लाउंड्सच्या शेतमजुरांनी ज्या मतपेटीसाठी पँथर जन्माला घातला ती मतपेटीच नाही! आणि त्या राजाचा फोटो तुम्ही संविधान लिहिणाऱ्याच्या पायाशी लावता?

पोरांतला एकजण, बीएस्सीला आहे, त्यानं मला बरोबर कोंडीत पकडला. म्हणाला, 'काका, तुम्ही खेळात बांदर होता. मी लहानपणी शक्तिमान होतो. त्याचं दुसरं नाव काय होतं? पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. ताकद कुठून? कुंडलिनीतून. आमच्या धाकट्या भावाला पहिल्यांदा आपल्या रंगाचा राजा मिळाला. तुम्ही तो पण काढून घेणार?'

मी गप्प बसलो. खरं सांगतो, गप्प बसलो. चॅडविक बोजमन २०२० ला कॅन्सरनं गेला तेव्हा त्या धाकट्यानं दोन दिवस नीट जेवण केलं नव्हतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्या लेकराला मी सांगू काय, की तू चुकीच्या माणसासाठी रडलास? तो चुकीच्या माणसासाठी रडलाच नव्हता.

पण मग मी मोबाईलवर त्याला दुसरा चेहरा दाखवला. डॅनियल कलूया. वाकांडात तो किलमाँगरच्या बाजूनं उभा राहतो आणि शेवटी शस्त्र टाकून गुडघे टेकतो. तीनच वर्षांनी, २०२१ ला, हाच नट फ्रेड हॅम्प्टन झाला, आणि त्या सिनेमाच्या निर्मात्यांत हाच कूगलर. त्यासाठी कलूयाला ऑस्कर मिळालं. त्यात सूट नाही, नखं नाहीत, धबधबा नाही. एक एकवीस वर्षांचा पोरगा आहे, तो गरीब गोऱ्यांच्या अड्ड्यावर जाऊन त्यांनाही आपल्या बाजूला ओढतो, आणि शेवटी बिछाना आहे. पोरांनी तो बघितला नव्हता. त्याची खेळणी निघाली नाहीत ना बाजारात! त्या रात्री बारा-तेरा जणांनी बुद्धविहाराच्या पायरीवर एका लॅपटॉपवर बघितला. संपल्यावर कुणी शिट्टी मारली नाही.

सहा डिसेंबरला दादरला जायची तयारी सुरू झालीय. नवा फ्लेक्स करायचाय. बीएस्सीवाल्यानं खऱ्या हॅम्प्टनचा फोटो, मायक्रोफोनसमोरचा, पेनड्राइव्हमध्ये घालून फ्लेक्सवाल्याकडं नेला. टी-चाला काढायचा की दोघं ठेवायचे यावर पोरांचं अजून एकमत नाही, आणि मी मध्ये पडणार नाही. फ्लेक्सवाल्यानं फोटो मोठा करून बघितला, चष्मा वर केला, आणि विचारलं,

'हे कुठल्या वॉर्डातून उभे आहेत?'